ठरले होते दोनच सामने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अवघ्या सोळाव्या वर्षी’, ‘सर्वांत कमी वयाचा’ असे मथळे क्रीडा पानांवर वारंवार येतात. वय हा छापायला सोपा आणि वाचायला गोड आकडा. त्या कोवळ्या खेळाडूकडून आधीच्या बारा महिन्यांत किती काम करून घेतले, दोन सामन्यांच्या मध्ये विश्रांती किती दिली, त्याला खेळवायचा निर्णय कुणाचा होता, हे मात्र त्या बातम्यांत नसते. ते का असायला हवे, हे दाखवण्यासाठी अमेरिकी बेसबॉलमधले एक प्रकरण आपल्या वाचकांपुढे ठेवतो. प्रकरण १९७३ चे आहे. त्याच्या नोंदी इतक्या नीट ठेवलेल्या आहेत की चूक कुठे झाली ते बोट ठेवून सांगता येते.

डेव्हिड क्लाइड हा टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या वेस्टचेस्टर हायस्कूलचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जन्म २२ एप्रिल १९५५. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले, एकही हरला नाही. पाच ‘नो-हिटर’, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट (बॅटरला बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, नेणारा फटका) मिळू न देता काढलेले सामने. १४८ इनिंग (एका इनिंगमध्ये तीन बाद) आणि वर एक बाद एवढे काम त्याने त्या हंगामात केले आणि त्याच्या खात्यावर अर्न्ड रन (क्षेत्ररक्षकांच्या चुकीशिवाय गेलेल्या धावा) पडले फक्त तीन. पिचरचे माप ईआरए या सरासरीने घेतात: त्याच्या खात्यावरच्या धावांना ९ ने गुणायचे आणि त्याने टाकलेल्या इनिंगनी भागायचे. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर हा आकडा साडेतीन ते पावणेचारच्या घरात असला की पिचर उपयोगाचा, पाचच्या वर गेला की जागा धोक्यात. क्लाइडचा शाळेतला आकडा होता ०.१८.

जून १९७३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, टेक्सास रेंजर्स या मेजर लीग संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचलले आणि सव्वा लाख डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर रॉबिन याउंट होता आणि चौथ्यावर डेव्ह विनफील्ड. दोघेही पुढे तीन हजारांहून अधिक हिट काढून हॉल ऑफ फेममध्ये गेले. म्हणजे त्या वर्षी निवड करणाऱ्यांची नजर कच्ची होती असे म्हणता येत नाही. क्लाइडला पहिला क्रमांक गुणवत्तेवरच मिळाला होता.

इथे बेसबॉलची उतरंड सांगायला हवी, कारण सगळा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. शाळेतून आलेला मुलगा सहसा थेट मेजर लीगमध्ये खेळत नाही. तो मायनर लीगमध्ये जातो: आधी रूकी लीग, मग ए, मग डबल ए, मग ट्रिपल ए. एकेक पायरी चढायला दोन, तीन, कधी पाच वर्षे जातात. बसचा लांबचा प्रवास, अर्धी रिकामी मैदाने, तुटपुंजा पगार, यात रमण्यासारखे काही नाही. पण शाळेत जे शिकायची गरजच पडत नाही ते पिचर तिथे शिकतो. शाळेत क्लाइडला दोन चेंडू पुरत होते, वेगवान आणि कर्व्ह म्हणजे वळणारा. मेजर लीगचा बॅटर तोच पिचर एका सामन्यात तीनदा पाहतो. पहिल्या वेळी तो चकतो, दुसऱ्या वेळी वेगाचा अंदाज घेतो, तिसऱ्या वेळी वाट पाहत उभा असतो. तेव्हा तिसरा चेंडू लागतो. हाताची हालचाल वेगवान चेंडूचीच, पण चेंडू सावकाश येतो असा चेंज-अप. तो विश्वासाने टाकता यायला शेकडो इनिंग लागतात, आणि शिकताना तो मार खातोच. मायनर लीगमध्ये असा मार खाल्ला तर कुणी बोनसची रक्कम काढून दाखवत नाही. शिवाय शाळेतला सामना सात इनिंगचा, व्यावसायिक सामना नऊ इनिंगचा. शाळेत आठवड्याच्या वेळापत्रकाभोवती खेळायचे, इथे पाळी आली की हात ताजा असो वा नसो, उभे राहायचे. बेसवरच्या धावपटूवर डोळा ठेवून टाकणे हेही एक वेगळे शिक्षण. ज्याने शाळेत कुणाला फारसे बेसवर जाऊच दिले नाही, त्याला त्याचा सराव कुठून असणार?

रेंजर्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, व्हायटी हर्झॉग यांना हे सारे ठाऊक होते. मुलाला खाली पाठवावे असे त्यांचे मत होते. मालक बॉब शॉर्ट यांची गरज वेगळी होती. संघ १९७२ मध्येच वॉशिंग्टनहून टेक्सासला हलवलेला, आणि त्या पहिल्या वर्षी प्रेक्षक आले जेमतेम ६ लाख ६३ हजार. घरच्या भागातला, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला अठरा वर्षांचा डावखुरा पिचर म्हणजे हमखास खपणारी तिकिटे. तोड अशी निघाली: घरच्या मैदानावर दोन सामने खेळवायचे, मग मायनर लीगमध्ये पाठवायचे.

दोनच सामने, असे ठरले होते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण त्यानंतरचे प्रत्येक नुकसान ते मोडल्यामुळे झाले, असे माझे ठाम मत आहे.

२७ जून १९७३. आर्लिंग्टन स्टेडियममध्ये ३५,६९८ प्रेक्षक. रेंजर्सचे मैदान प्रथमच पूर्ण भरले. बाहेरच्या रस्त्यांवर गाड्यांची इतकी कोंडी झाली की सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावा लागला. क्लाइडचा शाळेतला शेवटचा सामना होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. समोर मिनेसोटा ट्विन्स. पहिल्या दोन बॅटरना त्याने वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिला बेस दिला; त्यातला एक नामांकित फटकेबाज रॉड कॅरू. मग पुढच्या तिघांना ओळीने स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले. मैदान उभे राहिले असेल तर त्यात नवल नाही. पाच इनिंग, एकच हिट (तो मात्र दोन धावांचा होम रन), आठ स्ट्राइकआउट. रेंजर्सनी सामना ४-३ ने जिंकला आणि विजय क्लाइडच्या नावावर लागला.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांना एवढे पुरेसे होते. पण त्याच तक्त्यात आणखी दोन आकडे होते: सात वॉक आणि ११२ चेंडू. पाच इनिंगमध्ये ११२ म्हणजे इनिंगला २२ हून अधिक. अनुभवी पिचर चांगल्या दिवशी पंधरा-सोळा चेंडूंत इनिंग संपवतो. पंधरा बाद, एक हिट आणि सात वॉक धरले तर बॅटर तेवीसच्या आसपास, म्हणजे प्रत्येकामागे जवळजवळ पाच चेंडू. विजयाखाली ही बाब झाकली गेली. मुलगा चेंडू जागेवर टाकण्यासाठी झगडत होता आणि नुसत्या वेगाच्या बळावर सुटत होता. जाणत्या माणसाने तो तक्ता पाहून त्याच रात्री सामान बांधायला सांगितले असते.

चेंडू जागेवर का पडत नाही, याचे गणित साधे आहे. माउंडवरच्या (पिचरच्या उंचवट्यावरच्या) पट्टीपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला प्रत्यक्षात पावणेसतरा मीटरच्या आसपास जावे लागते. प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. सोडण्याची दिशा फक्त एका अंशाने चुकली तरी प्लेटपाशी चेंडू सुमारे २९ सेंटिमीटर सरकतो. मध्यावर टाकायला गेलेला चेंडू प्लेटच्या बाहेर पडायला एक अंश पुरतो. जोर वाढवला की ही चूक वाढते, कारण धड आधी उघडते, हात मागे राहतो आणि चेंडू उशिरा सुटतो. अठरा वर्षांच्या मुलासमोर ३५ हजार लोक बसवले तर तो जोर कमी करेल की वाढवेल?

त्यात त्या वर्षी आणखी एक अडचण होती, जिची चर्चा फारशी होत नाही. रेंजर्स ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळत, तिथे १९७३ पासूनच डेझिग्नेटेड हिटरचा नियम आला. त्याआधी समोरच्या संघाचा पिचर स्वतः बॅटिंगला येई आणि तो बहुधा सोपा बळी असे. दर आठ बॅटरनंतर नव्या पिचरला थोडा दम खायची जागा मिळे. ती जागा नेमकी याच हंगामात बंद झाली आणि तिथे निवडक फटकेबाज उभा राहू लागला.

दोन सामने झाले. क्लाइड खाली गेला नाही. तो माउंडवर असला की मैदान भरत होते, आणि भरणारे मैदान सोडवेना. त्या हंगामात त्याला १८ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरवले गेले: ९३ इनिंग आणि एक बाद, ४ विजय, ८ पराभव, ईआरए ५.०१. स्ट्राइकआउट ७४, वॉक ५४. या शेवटच्या दोन आकड्यांतून निदान करता येते. ९३ इनिंगमध्ये ७४ स्ट्राइकआउट म्हणजे चेंडूत दम होता. ५४ वॉक म्हणजे तो अजून तयार झाला नव्हता. ‘दडपण झेपले नाही’ असे त्याच्याबद्दल सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. दडपणाची गोष्ट नंतरची. आधी एक साधी बेरीज करून पाहावी.

शाळेच्या हंगामातल्या १४८ इनिंग आणि एक बाद. मेजर लीगच्या ९३ इनिंग आणि एक बाद. एका वर्षात एकूण २४१ इनिंग आणि दोन बाद. आज मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून काढलेल्या ‘पिच स्मार्ट’ या सूचनांमध्ये १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी बारा महिन्यांत सर्व संघांचे मिळून १०० इनिंगची मर्यादा आहे. १७-१८ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त १०५ चेंडू, ८१ किंवा जास्त झाले तर चार दिवस पूर्ण विश्रांती, आणि वर्षातले निदान चार महिने स्पर्धेत पिचिंग नाही, त्यातले निदान दोन-तीन महिने सलग चेंडू फेकायचाच नाही. क्लाइडने पहिल्याच रात्री दिवसाची मर्यादा ओलांडली आणि वर्षाच्या मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट काम केले. या सूचना तेव्हा नव्हत्या हे खरे. पण हाडे आणि स्नायू तेव्हाही हेच होते.

फेकताना हातात काय घडते हे कळले की या मर्यादांचे कारण कळते. पुढचा पाय जमिनीला टेकतो तेव्हा हात अजून मागेच असतो. धड पुढे वळू लागते आणि खांदा मागच्या बाजूला इतका पिळला जातो की कोपरापासून पुढचा हात जवळजवळ आडवा होतो. तिथून तो पुढे उलटतो तो वेग सेकंदाला ७,००० अंशांच्या घरात. याच क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर जो ताण येतो तो त्या अस्थिबंधाच्या एकट्याच्या ताकदीपलीकडचा असतो. भोवतालचे स्नायू वेळेवर आवळले गेले तरच तो वाचतो. चेंडू सुटल्यानंतर काम संपत नाही. इतक्या वेगाने निघालेला हात थांबवायचे काम खांद्यामागचे छोटे स्नायू करतात, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात. त्या क्षणी हात खांद्यातून बाहेर खेचणारे बल जवळजवळ त्या माणसाच्या वजनाइतके असते. एकदा नाही, सामन्यात शंभर वेळा.

ही सारी ताकद खरे तर पायांतून आणि कमरेतून येते. हात हा साखळीचा शेवटचा दुवा. पाय दमले की पाऊल आखूड पडते, धड वेळेआधी वळते आणि कमी पडलेला जोर खांदा भरून काढतो. वेगमापक यंत्रावर फरक दिसत नाही, म्हणून बाहेरच्यांना वाटते सगळे ठीक आहे. दुखणे महिन्यांनी उमटते. त्यात या वयात खांद्याजवळच्या हाडाच्या टोकाची वाढीची कूर्चा पूर्ण हाड झालेली नसते. मुलांमध्ये ती साधारण अठरा ते वीस वर्षांपर्यंत बंद होते. उंची सहा फूट आणि दाढी आलेली असली तरी खांदा मोठ्या माणसाचा झालेला असतोच असे नाही.

१९७३ च्या सप्टेंबरात हर्झॉग यांना काढून बिली मार्टिन यांना आणले गेले. ज्या एका माणसाने मुलाला खाली पाठवायचे म्हटले होते तोच गेला. १९७४ मध्ये क्लाइड २८ सामन्यांत उतरला, त्यांतल्या २१ मध्ये सुरुवातीला, बाकी मधूनच. ३ विजय, ९ पराभव. पिचरच्या शरीराला ठरलेली पाळी लागते: टाकण्याचा दिवस, मग हलका व्यायाम, मग मधल्या दिवशी थोडी फेक, मग विश्रांती. मधूनच उठून उभे राहायला सांगितले की ती घडी मोडते. एका वर्षी हात अतिवापराने शिणवायचा आणि दुसऱ्या वर्षी अनियमित वापराने, यापेक्षा वाईट क्रम सांगता येणार नाही. त्याच वर्षी शॉर्ट यांनी संघ विकून टाकला.

१९७५ मध्ये क्लाइड मेजर लीगमध्ये एकच सामना खेळला आणि त्याला मायनर लीगमध्ये पाठवले. वय वीस. ज्या पायरीवर त्याने अठराव्या वर्षी सुरुवात करायची होती, तिथे तो दोन वर्षांनी, हरलेला म्हणून पोहोचला. १९७६ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. १९७८ च्या सुरुवातीला क्लीव्हलँड इंडियन्सने त्याला घेतले आणि त्या वर्षी त्याने १५३ इनिंग टाकून ८ सामने जिंकले, ११ हरले, ईआरए ४.२८. माझ्या मते साऱ्या कथेतले हे सर्वांत बोलके वर्ष आहे. शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याने, तेवीस वर्षांचा असताना, तो मेजर लीगमध्ये पूर्ण हंगामभर उभा राहू शकला. म्हणजे अठराव्या वर्षीचा शाबूत खांदा घेऊन तो पायरीपायरीने तेवीसाव्या वर्षी आला असता तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. १९७९ मध्ये नऊ सामने, आणि तिथे मेजर लीग संपली. १९८० मध्ये रेंजर्सनी त्याला परत घेतले आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडून दिले. १९८१ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या मायनर संघांत प्रयत्न करून सव्विसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. एकूण ८४ सामने, १८ विजय, ३३ पराभव, ईआरए ४.६३.

याला उत्तर म्हणून बॉब फेलरचे नाव घेतले जाते. क्लीव्हलँडकडून १९३६ मध्ये सतराव्या वर्षी खेळला, सुरुवातीचा पिचर म्हणून पहिल्याच सामन्यात १५ स्ट्राइकआउट, पुढे २६६ विजय. हे सारे खरे आहे. पण त्या पहिल्या वर्षी त्याने मेजर लीगमध्ये टाकल्या फक्त ६२ इनिंग, आणि हंगाम संपल्यावर तो शाळा पूर्ण करायला परत गेला. ड्वाइट गुडनचेही उदाहरण देतात: १९८४ मध्ये एकोणीस वर्षांचा, १७ विजय, २७६ स्ट्राइकआउट. त्याच्या आदल्या वर्षी तो लिंचबर्गला ए लीगमध्ये १९१ इनिंग टाकून आला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. याउंट अठराव्या वर्षी मेजर लीगमध्ये टिकला, पण तो पिचर नव्हता. बॅटर चुकला तर त्याची सरासरी घसरते, खांदा फाटत नाही. या दोन कामांतला हा फरक विसरून केलेली कुठलीही तुलना कुचकामी आहे.

उलट दाखला हवा तर जो नक्सहॉलचा घ्यावा. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेले होते, म्हणून सिनसिनाटी रेड्सने १० जून १९४४ रोजी या मुलाला सेंट लुईस कार्डिनल्ससमोर उतरवले. वय १५ वर्षे ३१६ दिवस, आधुनिक मेजर लीगमधला सर्वांत लहान खेळाडू. दोघांना बाद केले, पाच वॉक दिले, दोन हिट आणि पाच धावा गेल्या. पाचाला नवाने गुणून दोन तृतीयांशाने भागा: ईआरए ६७.५०. सामना रेड्स ०-१८ ने हरले. पण रेड्सनी त्याला पुन्हा उभे केले नाही, खाली पाठवले. तो परत आला थेट १९५२ मध्ये, आणि १९६६ पर्यंत खेळून १३५ सामने जिंकला. पहिल्या दिवशीच्या अपयशाने त्याचे भले केले, कारण कुणाला त्याच्या नावावर तिकिटे विकता आली नाहीत. क्लाइड पहिल्या दिवशी जिंकला, हेच त्याला महागात पडले.

खाली न पाठवण्याचे दुष्परिणाम बेसबॉलला आधीपासून माहीत होते, म्हणून १९७३ ची चूक अधिक खटकते. १९५० च्या दशकात काही वर्षे असा नियम होता की ४,००० डॉलरहून अधिक बोनस घेतलेल्या मुलाला दोन वर्षे मेजर लीगच्या संघातच ठेवायचे. श्रीमंत संघांनी बोनस वाटून पोरे पळवू नयेत हा हेतू. झाले उलटेच. मुले बाकावर बसून कुजली. फिलाडेल्फिया फिलीजच्या टॉम क्वाल्टर्सने १९५३ मध्ये एकाच सामन्यात चेंडू टाकला, एकाच बॅटरला बाद केले, ईआरए १६२.००, आणि साऱ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर एकही विजय लागला नाही. क्लाइडनंतरही शहाणपण लगेच आले नाही. १९७८ मध्ये ओकलंडने माइक मॉर्गन आणि टिम कॉनरॉय या शाळकरी पिचरना थेट उतरवले, आणि टोरंटोने ब्रायन मिलनर या अठरा वर्षांच्या कॅचरला (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याला). मिलनर दोन सामने खेळला, नऊ वेळा बॅटिंग करून चार हिट काढले आणि मेजर लीगमध्ये पुन्हा कधी दिसला नाही. मॉर्गन खाली गेला, शिकला आणि २००२ पर्यंत खेळत राहिला.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला विनंती आहे. कमी वयाच्या खेळाडूची बातमी देताना वयाच्या शेजारी त्याच्या कामाचा आकडाही छापावा. गेल्या बारा महिन्यांत शाळा, क्लब, निवड शिबिरे सगळी मिळून त्याने किती चेंडू टाकले, शेवटच्या सामन्यानंतर किती दिवसांनी तो पुन्हा उतरला, खालच्या पातळीवर किती हंगाम खेळला. ‘अमुक सामन्यांपुरता’ असे जाहीर केले असेल तर त्या मुदतीची तारीख टिपून ठेवावी आणि ती उलटल्यावर विचारावे की काय झाले. १९७३ च्या जुलैमध्ये टेक्सासच्या वार्ताहरांनी रोज हा एकच प्रश्न लावून धरला असता तर मालकाला उत्तर द्यावे लागले असते. या माहितीसाठी शोधपत्रकारिता लागत नाही. गुणलेखकाच्या वहीत ती असतेच. ती वाचताना विजय-पराजयाच्या रकान्याआधी वॉक, चेंडूंची संख्या आणि विश्रांतीचे दिवस हे रकाने पाहावेत, एवढेच.

निवृत्तिवेतनाचे सांगायचे राहिले. मेजर लीगमध्ये सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरतात. १९८० पूर्वी निवृत्तिवेतन मिळायला अशी चार वर्षे पूर्ण व्हावी लागत, म्हणजे ६८८ दिवस. क्लाइडला ३७ दिवस कमी पडले. १९८० मध्ये खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात नवा करार झाला: ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतन, आणि एक दिवस भरला की आरोग्य विमा. पण हा करार मागे जाऊन लागू केला नाही. १९४७ ते १९७९ या काळातले, चार वर्षे न भरलेले खेळाडू बाहेरच राहिले. २०११ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी रक्कम ठरली: सेवेच्या दर ४३ दिवसांमागे वर्षाला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १०,०००. २०२२ च्या करारात ती ७१८.७५ डॉलर झाली, कमाल मर्यादा ११,५००. क्लाइडचे ६५१ दिवस धरले तर ४३ चे पंधरा पूर्ण हप्ते भरतात, म्हणजे करापूर्वी वर्षाला १०,७८१ डॉलर. याला निवृत्तिवेतन म्हणत नाहीत, आणि खेळाडू गेला की ते थांबते. पत्नीला किंवा मुलांना पुढे काही मिळत नाही.

आपला,
एक नियमित वाचक